सोसणारीचा खांदा

घोरपडे फौजदारांचा उजवा हात फिजिओ आरवाडेबाईंच्या हातात होता आणि फौजदार मेंढ्या चोरणाऱ्या टोळीची गोष्ट सांगत होते. जतला नेमणुकीवर होते तेव्हाची. हात खांद्याच्या रेषेपर्यंत आला आणि तिथून हळूहळू वर निघाला. दिवाळीपासून ज्या माणसाला स्वतःची टोपी स्वतः घालता येत नव्हती, तो आता पाठीवर पडून, हात वर जात असताना, मेंढीच्या कानावरची खूण कशी ओळखायची हे समजावून सांगत होता.

शेजारी लोखंडी स्टुलावर समृद्धी बसली होती. फौजदारांच्या मानेला एक करडा पट्टा होता, तसाच तिच्याही मानेला होता. ती फौजदारांच्या तोंडाकडे बघत नव्हती, गोष्टही ऐकत नव्हती. ती त्यांच्या पायांकडे बघत होती. हात कानाच्या जवळ आला तशी करंगळीशेजारचं बोट जरासं आत वळलं, मग अंगठा वळला.

"बास," ती म्हणाली.

आरवाडेबाईंनी हात तिथेच धरला, श्वासभर थांबल्या आणि अलगद खाली आणला.

"झालं पण?" फौजदार उठून बसले. "मला तर काय बी कळलं नाही. तुम्हाला लई दुखलं का ओ ताई?"

"थोडंसं."

"लई सोशीक हो पोरगी," फौजदार आरवाडेबाईंना म्हणाले.

समृद्धी हसली. हसायचं असतं तिथे ती हसत असे. खरी गोष्ट अशी होती, की त्या पडद्याआड तीन माणसं होती आणि तिघांपैकी दुखलं कुणालाच नव्हतं.

सरकारी परवान्यावर तिच्या कामाचं नाव 'वेदना-सहयोगी' असं होतं. मिरजेत ते कुणी उच्चारायच्या भानगडीत पडलं नाही. मिरजेत तिला सोसणारी म्हणत. दवाखान्यांच्या गल्लीत रक्त-लघवी तपासणीच्या पाट्यांशेजारी आता 'अनुभवी सोसणारी मिळेल' अशी पाटीही सर्रास दिसे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्यात काही वावगं वाटत नसे.

खांदा आखडतो म्हणजे काय होतं, हे इथे सांगितलं पाहिजे. खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ पिशवी असते. चांगल्या खांद्यात ती सैल असते; शिंपी ब्लाउज शिवताना आत माया ठेवतो, तशी तिच्यातही माया असते, आणि त्या मायेवर हात वर जातो. कधी शुगरमुळे, कधी काही कारण नसतानाच ही पिशवी सुजते, जाड होते, स्वतःलाच चिकटून बसते. हात हलवला की कळ येते. कळ येते म्हणून माणूस हात हलवत नाही आणि हलवत नाही म्हणून पिशवी आणखी आवळते. ती रोज थोडीथोडी ताणून मोकळी करायची, एवढाच त्यावरचा उपाय. पूर्वी हे काम हातांनी आणि आरड्याओरड्याने चालायचं. पेशंट ओरडला की फिजिओने थांबायचं, दुसऱ्या दिवशी त्याच्या पुढे जरासं जायचं. यात वर्ष-दीड वर्ष सहज निघून जाई. भूल देऊन एकदाच हात वर ओढायची पद्धतही होती, पण झोपलेला माणूस 'बास' म्हणत नाही. त्यात कुणाची पिशवी नको तिथे फाटे, कुणाच्या दंडाचं हाड मोडे.

मग मानेचा पट्टा आला. खांद्याकडून मणक्यात आलेला वेदनेचा संदेश वर मेंदूकडे चढायच्या आत हा पट्टा वाटेत अडवायचा. दुखणं बंद झालं, पण मग थांबायचं कुठे? ते संगणक सांगेल, अशी आधी सगळ्यांची समजूत होती. संगणकाला ते जमलं नाही. पिशवी सुटताना येणारी कळ आणि पिशवी फाटताना येणारी कळ, तारेतून जाताना दोन्ही सारख्याच दिसत. त्यांतला फरक फक्त जागा मेंदू करी, आणि कसा करी ते मेंदूलाही सांगता येत नसे. शेवटी पट्टा बनवणाऱ्या कंपनीने सोपा मार्ग काढला. अडवलेला संदेश दुसऱ्या पट्ट्यातून दुसऱ्या माणसाच्या मानेत सोडायचा. त्या माणसाला वाटतं, आपलाच खांदा ताणला जातोय. त्याला इजा काही नाही, फक्त दुखतं. सहन होईनासं झालं की त्याने 'बास' म्हणायचं. वर्ष-दीड वर्षाचं काम त्यामुळे महिन्याभरात होऊ लागलं. संगणक दरवर्षी स्वस्त होत चालले होते, पण माणूस त्याहून स्वस्त निघाला. त्यातही बाई.

पहिल्या वर्षी समृद्धी 'बास' म्हणत नसे. तिच्या तोंडून 'आई गं' असंच निघे. कुणाचा डावा खांदा असो की उजवा, पट्टा ते सगळं तिच्या उजव्या खांद्यात आणून ओतायचा, आणि तिथून कळ दंडात, कोपरात, पार अंगठ्यापर्यंत जायची. एकदा तिची आई, भारती, दुपारचा डबा घेऊन आली होती. भारतीबाई तेव्हा किल्ला भागात नर्सिंगच्या मुलींसाठी खानावळ चालवत. बाहेरच्या बाकावर बसल्या असताना आतून 'आई गं' ऐकू आलं, आणि त्या डबा हातात घेऊन थेट पडद्याच्या आत शिरल्या. कॉटवरचे वकील दचकून उठले. "अहो, ती मला हाक मारतीय," भारतीबाई म्हणाल्या. सगळे हसले. समृद्धीलाही हसू आलं होतं, खरोखरचं. त्या दिवसापासून ती 'बास' म्हणू लागली.

दुखणं कधी गेलं ते तिला नेमकं सांगता आलं नसतं. आधी अंगठ्यातलं गेलं, मग कोपरातलं. मेंदूचं असं असतं, की रोज धोक्याची घंटा वाजावी आणि रोज काहीच घडू नये, तर तो घंटेचं ऐकणं सोडतो. या खांद्याकडून येणारी बातमी खोटी असते, असं तिच्या मेंदूने एकदा ठरवून टाकलं. आणि एका सकाळी आरवाडेबाई एका शिक्षिकेचा हात वर नेत होत्या, तो बराच वर गेला, तरी समृद्धी पंख्याकडे बघत बसली होती. बाईंनी "समू?" म्हटलं तेव्हा तिने घाईने 'बास' म्हटलं. नशिबाने फार उशीर झाला नव्हता.

तिला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. तिने फक्त दुसरा मार्ग शोधला. पट्टा मेंदूला फसवतो, मणक्याला फसवत नाही. मणक्याला दुखणं कळतं आणि तो आपलं काम करतो. पेशंटला काही जाणवत नसलं तरी ऐन वेळी त्याच्या पायाची बोटं किंचित आत वळतात. हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण खांद्याचा उपचार चालू असताना पायाकडे कोण बघणार? समृद्धी बघू लागली. दर तिमाहीला कंपनीचा माणूस येऊन पट्ट्यातून लहानमोठ्या कळा सोडायचा आणि आकडा विचारायचा. मोठी कळ असली की पट्टा जरा जास्त गुणगुणतो, हेही तिने हेरलं होतं. परवाना नवा होत राहिला आणि आरवाडेबाई तिची तारीफ करत राहिल्या.

खांद्याचं हे असं झालं, ते तिथेच थांबलं असेल असं नाही. तासगावच्या मुलाने तिच्याशी ठरलेलं लग्न फोनवर मोडलं, तेव्हा तिने फोन ठेवला आणि ताटलीत उरलेलं उप्पीट संपवलं. थंड झालं होतं, एवढंच तिच्या लक्षात राहिलं. त्याच सुमारास तिने केस मानेपर्यंत कापून टाकले, आणि पुढून बटणांचे कुडते घालू लागली. सोयीचे पडत.

आईचा खांदा आखडलाय हे तिला कळायला फार उशीर झाला. रोज दहा खांदे बघणारी पोरगी, आणि घरातला खांदा तिला दिसला नाही. खानावळ बंद केल्यापासून भारतीबाई घरात गाऊनच घालत. त्यांनीही केस कापून घेतले होते, गरम होतंय म्हणून. एका सकाळी समृद्धी पाण्याची बाटली घ्यायला आतल्या खोलीत गेली, तर आई पलंगाच्या कडेला वाकून, ब्लाउजची बाही दातांत धरून, तीत हात घालायची खटपट करत होती. कुठल्याशा बारशाला जायचं होतं. कपाळावर घाम आला होता.

"कधीपासून हे?" समृद्धीने विचारलं.

"काही नाही गं. जरा आखडलंय."

"कधीपासून?"

"खानावळ बंद केली ती काय हौस म्हणून केली?" आई म्हणाली आणि बाही तोंडातून सोडली.

समृद्धीने तिला ब्लाउज घालून दिला, हुक लावून दिले. आईने डोळे मिटून घेतले होते. दुसऱ्याकडून कपडे घालून घेण्याची तिला किती लाज वाटतेय, हे समृद्धीला दिसलं. आपल्याला वाईट वाटायला हवं, असं तिच्या मनात आलं. तिने आईला दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात नेलं.

"मला लई काही नको मॅडम," भारतीबाई कॉटवर बसत आरवाडेबाईंना म्हणाल्या. "माझा ब्लाउज मला घालता आला म्हणजे झालं."

"होईल की, भारतीताई. घरचीच सोसणारी आहे, अजून काय पाहिजे?" आरवाडेबाई म्हणाल्या. पट्टे बांधले गेले. समृद्धी नेहमीसारखी स्टुलावर बसली आणि तिने आईच्या पायांकडे बघितलं.

आईच्या पायात मोजे होते. शुगरवाल्यांनी पाय जपायचे असतात. तिने ते काढायला लावले. मोज्यांच्या आत जे होतं ते तिने लहानपणापासून पाहिलेलं होतं, पण या कामासाठी कधी पाहिलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या शुगरने पायांतल्या बारीक स्नायूंची वाट लावली होती. बोटं होती तशी वाकडी राहून गेली होती. आरवाडेबाईंनी हात उचलला. बोटं हलली नाहीत. हात थोडा वर गेला. बोटं तशीच. सोसणारीचा खांदा गप्प, पेशंटचे पाय गप्प, आणि आईचं हाड या वयात किती ठिसूळ असतं ते तिला पाठ होतं.

"बास," समृद्धी म्हणाली.

आरवाडेबाईंनी चमकून तिच्याकडे पाहिलं. हात अजून खांद्याच्या रेषेलाही आला नव्हता.

"झालं?" आई म्हणाली. "मला तर झोपच लागत होती." मग तिने मान वळवून लेकीकडे पाहिलं. "तुला दुखलं का गं?"

"काही नाही."

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. इतरांचे हात कानाला लागत होते आणि भारतीबाईंचा हात होता तिथेच होता. आरवाडेबाई जुन्या पिढीतल्या. पट्टा यायच्या आधी त्यांनी हातांनीच काम केलं होतं, आणि त्यांच्या खोलीत भिंतीवर बोटांनी चढायची लाकडी शिडी अजून होती. एका दुपारी त्यांनी समृद्धीला थांबवलं. "माझ्या हाताला तर अजून माया लागतेय गं. एवढ्यात बास कशी म्हणतेस? इतकं दुखतंय?"

"हो," समृद्धी म्हणाली.

रविवारी सकाळी आई स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. समृद्धी चहा घेऊन समोर टेकली.

"उद्यापासून मी येत नाही," आई म्हणाली.

"का?"

"एवढासा हात हलला की तू बास म्हणतीस. म्हणजे किती दुखत असंल तुला. पोरीच्या अंगावर ढकलून मला हात वर नाही करायचा. राहू दे आखडलेला."

"आई, मला काही होत नाही."

"हं."

"खरंच काही होत नाही गं."

"हे मी तुझ्या पप्पांना जन्मभर सांगत आले. मला नको शिकवू."

त्या घरात 'काही नाही' या दोन शब्दांचा अर्थ 'पुष्कळ आहे, पण तू जेव' असा होता. पप्पा होते तोवर तो तसाच होता आणि ते गेल्यावरही बदलला नव्हता. आज पहिल्यांदा कुणीतरी ते शब्द शब्दशः खरे म्हणून बोलत होतं, आणि त्यामुळेच त्यांच्यावर विश्वास बसायला जागा नव्हती. समृद्धीने चहाचा कप खाली ठेवला. सांगितलं नाही तर आई येणार नाही, आणि तिचा हात जन्मभर तिथेच राहील. सांगितलं तर परवाना जाईल. दोन्ही गोष्टी तिला स्वच्छ दिसत होत्या, दुकानात दोन डबे शेजारी ठेवलेले दिसावेत तशा.

मग तिने सांगितलं. दुखणं कसं गेलं, बोटं कशी बघते, परीक्षेत पट्ट्याचा आवाज कसा ऐकते, सगळं. आवाज चढला नाही की पडला नाही. आईचे हात मेथीवर चालत राहिले.

"म्हणजे माझा हात ओढतात तेव्हा जे दुखतं," आई म्हणाली, "ते मला कळत नाही आणि तुलाबी कळत नाही?"

"नाही."

"मग ते जातं कुठं?"

इतक्या महिन्यांत हा प्रश्न समृद्धीला सुचला नव्हता. कंपनीच्या माणसालाही सुचला नव्हता.

आईने मेथीची जुडी बाजूला ठेवली. तिची नजर लेकीच्या केसांवर गेली.

"तू केस का कापलेस गं?"

"गरम होत होतं."

"मीबी हेच सांगितलं होतं तुला." आईने कपाटाकडे पाहिलं. "वरचा पिठाचा डबा काढ बघू."

समृद्धी उठली आणि तिने डावा हात वर केला.

"उजव्या हाताने काढ."

तिने उजवा हात उचलला. तो खांद्याच्या रेषेपर्यंत गेला आणि तिथे थांबला. दुखलं नाही, काहीच झालं नाही, भिंत लागावी तसा तो फक्त थांबला. तिने जोर केला तेव्हा हात वर न जाता अख्खा खांदाच कानाकडे सरकला. हा सरकणारा खांदा तिने किती पेशंटांचा पाहिला होता. नवा पेशंट आत येऊन हात वर करून दाखवायचा, खांदा असा कानाशी जायचा, आणि आरवाडेबाई तिच्याकडे बघून मान हलवायच्या. पुढून बटणांचे कुडते, खालच्या खिळ्याला अडकवलेली पर्स, रिक्षात बसताना डाव्या हाताने धरलेला दांडा, सगळं तिला एकदम आठवलं. कपाटासमोर हात तसाच अर्धा वर धरून ती उभी राहिली.

"खाली घे," आई म्हणाली. "कळलं कुठं जातं ते."

सोमवारी समृद्धी आईला घेऊन दवाखान्यात गेली आणि तिने सगळं सांगून टाकलं. आरवाडेबाई चिडल्या. त्यांना चिडलेलं समृद्धीने कधी पाहिलं नव्हतं. "तुझ्या शब्दावर मी माणसांचे हात ओढतेय," त्या म्हणाल्या. "एखाद्याचं हाड मोडलं असतं म्हणजे? काय तोंड दाखवलं असतं आपण?"

"माहीत आहे, मॅडम."

"माहीत असून गप्प बसलीस?"

बाईंनी दुपारचे सगळे पेशंट परत पाठवायला सांगितलं, तिच्या मानेचा पट्टा स्वतःच्या हाताने सोडला आणि तिला कॉटवर आडवं केलं. खांदा चाचपताना त्यांचा राग हळूहळू उतरत गेला आणि त्यांच्या चेहऱ्यावर दुसरंच काही आलं.

"रोज दिवसभर हा खांदा दुसऱ्यांच्या कळांनी अंग चोरून बसत होता," त्या म्हणाल्या. "मेंदूने ऐकणं सोडलं, खांद्याने सोडलं नव्हतं. दुखलं असतं तर तू शेकला असतास, हलवला असतास, मला सांगितलं असतंस. न दुखता आखडलाय तो. इतका घट्ट खांदा मी खूप वर्षांत बघितला नाही."

"मग करा मोकळा."

"कसा करू? तुला कळणार नाही कुठं थांबायचं. नसा बोलतायत तुझ्या, पण ऐकणारा झोपलाय. तुला सोसणारी लागेल." बाईंनी कपाळावर हात मारला. "आणि या गल्लीत अशी तुझ्यासारखीच किती बसली असतील, कुणाला ठाऊक."

"मी बसते," भारतीबाई म्हणाल्या. त्या पडद्याजवळ उभ्या होत्या.

"भारतीताई, त्याला परवाना लागतो."

"आईला कसला परवाना?"

आरवाडेबाईंनी एकदा दाराकडे पाहिलं, मग जाऊन कडी लावली. "तुमच्या खांद्याचं नंतर बघू. हातांनी करू, जुन्या पद्धतीने. आज फक्त हिचं." त्यांनी पट्टे उलटे बांधले. एक समृद्धीच्या मानेला, पेशंटचा. दुसरा आईच्या मानेला. भारतीबाई लोखंडी स्टुलावर बसल्या, पदर नीट केला आणि हात मांडीवर ठेवले.

"सहन होईना झालं की बास म्हणायचं," आरवाडेबाई म्हणाल्या. "लाजायचं नाही. सोसायचं तर मुळीच नाही. तुम्ही सोसलंत तर हिचा खांदा फाटेल. लक्षात आलं?"

"आलं की."

हात वर निघाला. समृद्धीला फक्त बाईंच्या बोटांचा दाब कळत होता, आणि आपला हात हा कुणीतरी आणून ठेवलेला हात आहे असं वाटत होतं. वर पंखा फिरत होता. हात खांद्याच्या रेषेला आला, अडला, आणि मग अगदी थोडा पुढे सरकला.

"दुखतंय का, भारतीताई?"

"काही नाही."

हात आणखी थोडा वर गेला. आरवाडेबाईंचा श्वास ऐकू येऊ लागला. "माझ्या हाताला लई घट्ट लागतंय. खरंच काही नाही?"

"काही नाही ओ. करा तुम्ही. मोकळा होऊ दे पोरीचा."

समृद्धीने मान वळवली. आईचा चेहरा शांत होता. तापात असताना चाळीस मुलींना वाढायची तेव्हाही तो असाच असे. त्यावरून कधी कुणाला काही कळलं नव्हतं, पप्पांनाही नाही आणि तिलाही नाही. सवयीने तिने आईच्या पायांकडे पाहिलं. मोज्यांत लपलेली ती बोटं काही सांगणार नव्हती. हात अजून वर जात होता. तिने मान सरळ केली, आणि कॉटच्या टोकाला तिला आणखी दोन पाय दिसले. ते तिचे होते. दाही बोटं आत वळली होती, तळवे आवळले होते, आणि नखं पांढरी पडली होती.

क्षणभर तिने त्यांच्याकडे पेशंटच्या पायांकडे बघावं तसं पाहिलं.

"बास," ती म्हणाली.

"तू नाही म्हणायचं. आईने म्हणायचं. तुला काय कळतंय?"

"मॅडम, बास. दुखतंय."

"कुणाला?"

तोवर बाईंनी हात तिथेच थांबवला होता, आणि तो त्या हळूहळू खाली आणू लागल्या. खांद्यावरचा ताण सुटला तशी स्टुलावर बसलेल्या भारतीबाईंनी ओठांवरचा घाम पदराने टिपला, जरा पुढे वाकल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "आई गं."

दुखणं समृद्धीचं होतं, म्हणजे हाकही तिचीच होती. ती ऐकून आई उठली. मानेचा पट्टा तसाच ठेवून कॉटच्या पायाशी आली, आणि डाव्या हाताने लेकीची आखडलेली बोटं एकेक करून सोडवू लागली.